ओपन स्पेसमधली रानफुलं

भादवा उजाडला की मोबाइलवर कासच्या पठाराचे फोटो फिरायला लागतात. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याहून कास म्हणजे रात्रभरचा प्रवास, आधी बुकिंग आणि वर पोचल्यावर माणसांची रांग. जरूर जा. पण रानफुलांचे फोटो काढायला शिकायचं असेल तर कास ही त्याची जागा नव्हे. तिथं फुलंच एवढी असतात की कसाही काढलेला फोटो खपून जातो. शिकायचं ते घराजवळ, जिथं रोज सकाळी पाय मोकळे करायला जाता तिथं.

आता तालुक्याच्या गावात बाग म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. प्लॉटिंग पडतं तेव्हा लेआउटमध्ये एक तुकडा ओपन स्पेस म्हणून सोडावा लागतो. त्याला तारेचं कुंपण, दोन सिमेंटचे बाक, एखादी घसरगुंडी, नशीब असेल तर ओपन जिम आणि कडेनं पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक. कुणी जास्वंद-झेंडू लावले तर लावले. नाही लावले तर पहिल्या दोन पावसांनंतर जमीन आपली आपण भरून जाते. काळी माती रिकामी राहत नाही. जुलैत केना येतो, पाठोपाठ तरोटा (टाकळा म्हणा हवं तर), मग एकदांडी, सराटा, विष्णुक्रांता, कुंपणाला लागून रुई आणि धोतरा, रस्त्याच्या अंगाला तरवड, आणि पोळा सरला की कुर्डू. एवढं सामान एका ओपन स्पेसमध्ये मिळतं. जालन्याची मोतीबाग असो की छत्रपती संभाजीनगरची हिमायतबाग, तिथंही कडेच्या, माळ्याचा हात न पोचलेल्या पट्ट्यात साधारण हीच मंडळी भेटतात.

फोटो मात्र बहुतेकांचा एकसारखाच बिघडतो. उभ्यानं, वरून, ऊन चढल्यावर काढलेला. मधोमध पिवळा ठिपका, भोवती हिरवा गोंधळ, कोपऱ्यात गुटख्याची पुडी. (महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. ओपन स्पेसमध्ये गुडघे टेकून बसलात की यावर विश्वास ठेवणं अवघड जातं.) असा फोटो पाहून माणूस म्हणतो, कॅमेरा भारीतला पाहिजे होता. कॅमेऱ्याचा यात दोष नसतो. आपण फूल पाहिलं आणि फुलामागचं पाहिलंच नाही, दुखणं एवढंच असतं.

म्हणून बागेतल्या रानफुलांपुरता एक क्रम पक्का करा: आधी मागचं निवडा, मग फूल. रानात मागे रान असतं, तिथं हे फारसं नडत नाही. बागेत मागे निळ्या रंगाची ग्रिल असते, पाटी असते, पांढरी कंपाउंड वॉल असते, कुणाची तरी मोटारसायकल असते. सर्वांत सुंदर फूल जर त्या ग्रिलसमोर असेल तर ते सोडून द्या आणि दुय्यम फूल निवडा, ज्याच्या मागे लांबवर नुसतं गवत किंवा लिंबाची सावली आहे. हे पटायला वेळ लागतो, कारण डोळ्याला ग्रिल दिसतच नाही. डोळा फुलावर गेला की बाकीचं गाळून टाकतो. फोन काही गाळत नाही.

मागचं बघायची सोपी रीत अशी. फुलाजवळ बसा आणि फोन बंदच ठेवून झाडाभोवती चारी बाजूंनी फिरा. उकिडवं बसून सरकायला जमत नसेल तर युरियाची रिकामी गोणी सोबत ठेवा. चिखलात टेकायला तिच्यासारखी सोय नाही. प्रत्येक बाजूनं एक डोळा मिटून फुलामागे काय येतं ते पाहा. बहुतेक वेळा हातभर डावीकडे सरकलं तरी बाक फोटोतून निघून जातो. मग उंची बदला. फुलापेक्षा वर असाल तर मागे जमीन येते, म्हणजे पालापाचोळा, काड्या, पुड्या. फुलाच्या पातळीला आलात तर मागे लांबचं गवत येतं, आणि ते धूसर होतं. फुलाच्याही खाली गेलात तर आभाळ येतं. जमिनीलगतच्या फुलासाठी फोन उलटा धरा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येईल. फोनचा वरचा भाग मातीला टेकला की लेन्स जमिनीपासून दोन बोटांवर असते. सुलटा धरून ती इतकी खाली जातच नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. मागचं धूसर व्हायचं असेल तर फूल आणि मागचं गवत यांच्यात जागा हवी. फोन फुलापासून वीतभर असेल तर मागचं गवत निदान दोन-तीन हात लांब असावं. म्हणून झुडपाच्या मधलं फूल घेऊ नका, कडेचं घ्या, आणि त्यातही बाहेर डोकावणारं घ्या. ट्रॅकच्या कडेला, नालीच्या उंचवट्यावर किंवा मुरमाच्या ढिगावर उगवलेली झाडं यासाठी फार सोयीची. मुरूम टाकून महिनोन्‌महिने तसाच ठेवलेला ढीग आपल्याकडे प्रत्येक ओपन स्पेसमध्ये असतोच. त्याचा एवढा तरी उपयोग करून घ्या.

तिसरी युक्ती ऊन-सावलीची. सकाळी फूल उन्हात आणि मागचा भाग भिंतीच्या किंवा झाडाच्या सावलीत असेल अशी जागा शोधा. फोनवर फुलाला बोट लावून उजेड थोडा उतरवला की मागची सावली जवळजवळ काळी पडते आणि फूल तेवढं उजळ राहतं. अशी जागा मिळालीच नाही तर काळी छत्री उघडून फुलामागे हात-दीड हातावर ठेवा. छत्रीचं कापड फुलाच्या फार जवळ नको, नाहीतर त्याच्या सुरकुत्या दिसतात. ही काही फसवणूक नव्हे. जर्मनीतल्या कार्ल ब्लॉसफेल्डनं (1865–1932) आयुष्यभर हेच केलं. रस्त्याच्या कडेचं, रेल्वेच्या भरावावरचं तण आणायचं, ते साध्या करड्या किंवा पांढऱ्या पाठीसमोर ठेवायचं आणि घरी बनवलेल्या कॅमेऱ्यानं कितीतरी पट मोठं करून टिपायचं. त्याचं 'उर्फॉर्मेन डेर कुन्स्ट' हे पुस्तक 1928 मध्ये आलं आणि ज्या झाडांना कुणी विचारत नव्हतं त्यांचे फोटो कलाकारांच्या टेबलावर गेले. तो झाडं तोडून आणायचा. आपण छत्री झाडापाशी न्यायची, एवढाच फरक.

आता वेळ. बागेत फिरायला जायची आपली वेळ आणि फुलांची वेळ एक असेलच असं नाही. केना सकाळी उमलतो आणि ऊन तापलं की त्याच्या निळ्या पाकळ्या विरघळल्यासारख्या मिटून जातात. दुपारी गेलात तर तिथं केना होता हेही कळणार नाही. विष्णुक्रांता आणि सराटाही सकाळचेच. तरोट्याची पानं रात्री मिटलेली असतात आणि अगदी पहाटे गेलात तर तशीच मिळतात. त्याची पिवळी फुलं पाहायला तास-दीड तास थांबावं लागतं. घोळीच्या फुलाला मात्र ऊन लागल्याशिवाय जाग येत नाही. धोतरा उलटा: तो संध्याकाळी उमलायला लागतो आणि सकाळी ऊन चढेपर्यंत ताजा असतो. रुई आणि एकदांडी दिवसभर हजर. म्हणजे एकाच फेरीत सगळं मिळेल असं धरून चालू नका; आज केना, उद्या संध्याकाळी धोतरा, असं करा.

सप्टेंबरात आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य उगवतो. कंपाउंड वॉल ओलांडून ऊन आत यायला अजून थोडा वेळ जातो. तिथून साधारण साडेआठपर्यंतचा काळ चांगला. त्यानंतरचं ऊन उभं पडतं आणि फुलाच्या पाकळ्यांवर पांढरे डाग, खाली काळी सावली असा प्रकार होतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तर मंठ्याच्या अक्षांशावर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते; ढग असतात म्हणून आपल्याला कळत नाही. आणि ढग असतील तर सोन्याहून पिवळं. ढगाळ दिवशी दिवसभर फोटो काढता येतात. रंग खरे उतरतात, पाकळीवरच्या शिराही दिसतात. लोक नेमके अशा दिवशी घरात बसतात आणि कडक ऊन पडलं की कॅमेरा काढतात.

दुपारशिवाय वेळच नसेल तर ऊन गाळून घ्या. पांढरा रुमाल किंवा जुनं उपरणं दोघांनी ताणून फुलावर धरलं की उजेड मऊ होतो. एकटे असाल तर आपली सावली पाडा. सावलीच्या बाजूला वहीचं पांढरं पान किंवा थर्माकोलची ताटली धरली की परतीचा उजेड फुलाच्या पोटात जातो. धोतऱ्याच्या भोंग्याच्या आत काय आहे ते दाखवायला याहून चांगला उपाय नाही. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये पाकळी कागदासारखी सपाट दिसते.

आणखी एक वेळापत्रक लक्षात ठेवावं लागतं, ते गवत कापणाऱ्यांचं. सार्वजनिक जागांची साफसफाई सणवार, झेंडावंदन बघून होते. 15 ऑगस्टच्या आधी एकदा ब्रश कटर फिरतो आणि मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे 17 सप्टेंबरच्या आधी पुन्हा एकदा. मध्ये गणपती बसणार असतील तर तेव्हाही. त्यामुळे 'पुढच्या रविवारी बघू' म्हणून सोडलेलं झाड पुढच्या रविवारी नसतं. कापणाऱ्याशी ओळख ठेवा. कोणत्या दिवशी मशीन येणार आणि कोणता कोपरा शेवटी घेणार, एवढं विचारलं तरी पुष्कळ. कुंपणाकडेचा हातभर पट्टा राहू द्या म्हटलं तर बरेचदा राहतोही, कारण तिथं तारेत ब्लेड अडकतं म्हणून त्यालाही तो नकोच असतो. तणनाशक मारलं असेल तर ते पानांवरून ओळखू येतं, झाडं एकसाथ पिवळी पडतात. अशा जागी लोळून फोटो काढू नका.

कुर्डूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागातलं फोटोसाठीचं सर्वांत उदार झाड तेच. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ते तण, आणि मूग-सोयाबीनच्या वावरात ते डोकं वर काढतं तेव्हा कुणाला त्याचं कौतुक नसतं. पण त्याचा तुरा नीट पाहा. टोक गुलाबी, खाली येता येता फिकट आणि बुडाशी चंदेरी-पांढरा. एकेक फूल कोरड्या, कागदी पाकळ्यांचं असतं आणि तुरा खालून वर उमलत जातो. म्हणून गुलाबी ते न उमललेलं, पांढरं ते जुनं. समोरून उजेड पडला की हा सगळा तुरा पांढरट ठोकळा दिसतो. तोच तुरा सूर्याच्या आणि तुमच्या मध्ये आला की प्रत्येक कागदी पाकळीतून उजेड आरपार येतो आणि तुऱ्याला कडेनं उजेडाची रेघ उमटते. त्यासाठी सकाळी सातच्या सुमाराला पूर्वेकडे तोंड करून बसा, तुरा सूर्याच्या थोडा बाजूला ठेवा, सूर्य थेट चौकटीत घेऊ नका आणि लेन्सवर डाव्या हाताची सावली धरा, नाहीतर फोटोभर पांढरं धुकं येतं. मागे झाडांची काळपट रांग असेल तर काम फत्ते. फोन उभा धरा, कारण तुरा उभा आहे. एकच तुरा घ्या, किंवा एक स्पष्ट आणि मागे दोन धूसर. सात-आठ तुरे सारखेच स्पष्ट आले की नजर कुठंच ठरत नाही.

कुर्डूवर पोर्ट्रेट मोड वापरू नका. फोन कडा कापून मागचं खोटं धूसर करतो आणि तुऱ्याच्या बारीक पाकळ्यांची टोकं त्यात खाऊन टाकतो. एकदांडीच्या लांब देठाचंही तसंच होतं; देठ मध्येच गायब होतो आणि फूल हवेत लटकतं.

केना कुर्डूच्या अगदी उलट. तो आकारानं बारीक, जमिनीलगत, आणि एका वेळी एकच फूल बाहेर काढणारा. वरच्या दोन निळ्या पाकळ्या मोठ्या, खालची एक लहानशी आणि मध्ये पिवळे परागकोश. ते पिवळे ठिपके स्पष्ट आले पाहिजेत. बाकी पाकळी थोडी धूसर चालते. याची भाजी आपण खातो, पण त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुलं येतात आणि त्यातून बी धरतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. निंदून निंदून केना जात नाही, त्याचं एक कारण हेच. केन्याचा आणि विष्णुक्रांतेचा निळा रंग फोनमध्ये बरेचदा जांभळट उतरतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइट किंवा क्लाउडीवर कायम करा. 'एआय सीन' किंवा तसलं काही चालू असेल तर ते बंद करा. ते गवताला प्लास्टिकचा हिरवा रंग देतं.

फोनच्या बाकीच्या गोष्टी झटपट. लेन्स आधी पुसा. खिशातली धूळ आणि बोटांचं तेल यामुळे निम्मे फोटो मलूल येतात. फुलाच्या मधल्या भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग बोट खाली सरकवून उजेड कमी करा, विशेषतः पिवळ्या आणि पांढऱ्या फुलांना. तरोट्याचं पिवळं फूल हिरव्या पानांत असलं की फोन पानांकडे बघून उजेड वाढवतो आणि फुलाच्या जागी नुसता पिवळा डाग राहतो. काळपट आलेला फोटो नंतर उजळता येतो, जळालेली पाकळी परत येत नाही. झूम चिमटीत धरून वाढवू नका. दोनपटीची वेगळी लेन्स असेल तरच ती वापरा, नाहीतर जवळ जा. मात्र किती जवळ, यालाही मर्यादा आहे. बऱ्याच फोनची मुख्य लेन्स वीतभराच्या आत फोकस करत नाही. फोन आपोआप मॅक्रोवर उडी मारतो तेव्हा तो बहुधा रुंद लेन्सकडे गेलेला असतो, आणि रुंद लेन्स म्हणजे मागचा सगळा पसारा पुन्हा चौकटीत. स्वस्त फोनांतली दोन मेगापिक्सलची 'मॅक्रो' लेन्स तर जाहिरातीपुरती. त्यापेक्षा मुख्य लेन्सनं थोडं लांबून काढा आणि नंतर कडा कापा.

कॅमेरा असेल तर महागड्या मॅक्रो लेन्सच्या मागे लगेच धावू नका. 55–250 किंवा 70–300ची साधी झूम लेन्स शेवटच्या टोकाला नेऊन सव्वा-दीड मीटरवरून काढलेली फुलं फार छान येतात. मागचं आपोआप विरतं. 50 मिमीची लेन्स आणि एक्सटेन्शन ट्यूब हा दुसरा कमी खर्चाचा मार्ग. खरी मॅक्रो लेन्स वापरून पाहायची असेल तर ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा. अंगठ्या आणि मेंदीच्या फोटोंसाठी त्यानं ती घेतलेली असते, आणि चातुर्मासात लग्नं नसतात तेव्हा ती कपाटात पडून असते. नेमकी तेव्हाच आपली फुलं असतात. पण मॅक्रोत एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. फूल सेन्सरवर जेवढ्यास तेवढं आलं तर एफ/8 ला सुद्धा जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. म्हणून कॅमेरा पाकळीच्या प्रतलाशी समांतर धरायला शिका. विष्णुक्रांतेसारखं चपटं फूल अगदी वरून, सरळ खाली बघत काढलं तर संपूर्ण स्पष्ट येतं. तेच तिरपं काढलं तर अर्धं जातं. वरून काढू नका असं वर म्हटलं आहे त्याला हा अपवाद.

वाऱ्याचं काय करायचं? एकदांडीचा देठ वीतभर लांब, वर इवलंसं फूल. श्वास सोडला तरी डोलतं. वाऱ्याच्या बाजूला स्वतः आडवे बसा, किंवा तीच काळी छत्री आडवी लावा. नसेल जमत तर जमिनीत एक काडी रोवून तिला कपड्याची चिमटी लावा आणि चिमटीत देठ हलकेच, फोटोत न येणाऱ्या भागाशी धरा. देठ चेपू नका. शटर 1/250 किंवा त्याहून वेगवान ठेवा. काही फोनवर बटण दाबून ठेवलं की एकापाठोपाठ फोटो निघतात, त्यातला एखादा स्थिर सापडतो. आणि थांबा. वारा एकसारखा वाहत नाही, दोन झुळकांच्या मध्ये तो दम घेतो.

फोटो काढण्यासाठी जागा साफ करावी का? पुड्या, प्लास्टिक, वाळलेल्या काड्या खुशाल उचला आणि बरोबरच्या पिशवीत टाका. शेजारचं गवत मात्र उपटू नका. बाजूला वाकवा, काडीनं अडकवून ठेवा, झाल्यावर सोडा. फूल तोडून 'चांगल्या' जागी नेऊन खोचणं आणि स्प्रेनं पाण्याचे थेंब मारणं, हे दोन्ही मला आवडत नाही. दव आपल्याकडे दसऱ्यानंतर सकाळी पडतंच. तेव्हा जा, खरे थेंब पानाच्या कडेला ओळीनं बसतात, स्प्रेचे थेंब कुठंही सांडल्यासारखे दिसतात आणि बघणाऱ्याला ते कळतं.

बसण्याआधी काठीनं गवत हलवा. पावसाळ्यात घोणस आणि मण्यार याच गवतात असतात, आणि दगड-विटांच्या ढिगाशी विंचू. गाजरगवतात गुडघे टेकू नका. पुष्कळांच्या कातडीला त्यानं खाज सुटते आणि फुलोऱ्यात असताना दम्याच्या माणसाला त्रास होतो. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस पडलेलं हे परदेशी तण आज प्रत्येक ओपन स्पेसमध्ये आहे. फोटो काढायचाच असेल तर त्यावरच्या मेक्सिकन भुंग्यांचा काढा. हे भुंगे गाजरगवत खावं म्हणून मुद्दाम आणून सोडलेले आहेत. रुईचा चीक आणि धोतऱ्याचा रस लागलेलं बोट डोळ्याला लावू नका. त्या रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या सापडतील. त्या हलवू नका, त्या तिथंच वाढतात.

सुंदर फोटो झाला की लगेच उठू नका. त्याच झाडाचे आणखी चार साधे फोटो काढून ठेवा: संपूर्ण झाड, पान समोरून, पान मागून आणि पानं देठाला कशी लागली आहेत तो जोड. शेंग किंवा बोंड असेल तर तेही, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. नुसत्या फुलाच्या धूसर-सुंदर फोटोवरून झाड ओळखता येत नाही, आणि नाव कळलं नाही की पुढच्या वर्षी ते कधी फुलतं हेही शोधता येत नाही. आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले तर जाणकार नावं सुचवतात. आपल्या भागासाठी मात्र मुख्य आधार डॉ. व्ही. एन. नाईक यांच्या 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' या ग्रंथाचा. 1998 मध्ये तो दोन खंडांत निघाला. फोटोंचं पुस्तक नव्हे, कोरडी वनस्पतिशास्त्रीय नोंद आहे. पण कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला तर चाळा. आपल्या पायाखालच्या तणाची कुणी एवढी शिस्तीनं यादी केली आहे, हे पाहूनच हुरूप येतो. श्रीकांत इंगळहळीकरांचं 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' (2001) फोटोंसाठी पाहावं. घाटातली फुलं वेगळी, पण छोट्या फुलाला चौकटीत कसं बसवायचं ते त्यात दिसतं.

घरी आल्यावर स्नॅपसीडसारख्या अ‍ॅपमध्ये तीनच कामं करा. कडा कापून मागचा कचरा घालवा, हायलाइट्स थोडे उतरवा आणि एखादी चुकार काडी 'हीलिंग'नं पुसा. सॅच्युरेशन वाढवू नका. कुर्डूचा फिकट गुलाबी एकदा राणी रंगाचा झाला की तो कुर्डू राहत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो इतका दाबला जातो की पाकळीवरच्या शिरा शोधाव्या लागतात. पाच-सहा चांगले निघाले तर गावातल्या लॅबमध्ये छापून घ्या. छापल्यावर मागची ग्रिल लगेच डोळ्यात खुपते, स्क्रीनवर ती सुटून जाते.

दिवाळीनंतर ओपन स्पेस पिवळी पडते आणि बहुतेकांचा उत्साह तिथंच संपतो. पण हिवाळ्यात उघड्या जमिनीला चिकटून भुईरिंगणी फुलते. जांभळी पाकळी, मधोमध पिवळे परागकोश आणि भोवती काटे. तिच्यासाठी गोणीची घडी जाड करा. जानेवारीपासून पिवळा धोतरा येतो. त्याची पाकळी इतकी पातळ असते की कुर्डूला सांगितलेली मागून उजेडाची रीत त्यालाही जशीच्या तशी लागू पडते. आणि उन्हाळा लागला की रुईची फळं तडकतात, आतून रेशमी म्हाताऱ्या बाहेर येतात. त्यांचा फोटो सकाळीच, वारा सुटायच्या आत, मागे काळी छत्री धरून आणि 1/500 च्या वर शटर ठेवून काढा. तडकलेलं फळ दिसलं तर उद्यावर ढकलू नका; दुपारच्या एका वावटळीत ते रिकामं होतं.